सिंहासाठी आलेलं रडू

एका आईचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. रोज रात्री झोपण्याआधी मी तिला एखादं प्रकरण वाचून दाखवते. गेला महिनाभर आम्ही सी. एस. लुईसचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ वाचत होतो. सिंहाला दगडी चौथऱ्यावर बांधून मारतात त्या प्रकरणाला माझाच आवाज फुटेना. पुढचं पान तिने वाचलं. दुसऱ्या दिवशी माझे दीर सहज म्हणाले, “वहिनी, तो सिंह म्हणजे येशू ख्रिस्त. सगळं बायबलच आहे ते.” मी ख्रिस्ती नाही. खरं सांगायचं तर कुठलाच देवधर्म मी मनापासून करत नाही. मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. सातातली सहा पुस्तकं अजून बाकी आहेत आणि लेक रोज मागे लागते. पुढची वाचू का? तिला हे सांगू का? आणखी एक, विचारायला लाज वाटते: यातलं मी काहीच मानत नाही, तर मग मी रडले का?’

ताई, लाजत लाजत शेवटी विचारलेला प्रश्नच आधी घेते. ‘वाचू का’ आणि ‘सांगू का’ यांची उत्तरं त्यातच अडकली आहेत.

मी हे पुस्तक अकराव्या वर्षी वाचलं, काहीएक ठाऊक नसताना. सिंहाची गोष्ट कळली ती कॉलेजात, एका मैत्रिणीकडून. तिने तुमच्या दिरांसारखंच, जाता जाता सांगितलं. मला इतका राग आला की दोन आठवडे मी त्या पुस्तकाला हात लावला नाही. मग एका रात्री, लेखक नेमका कुठे आपल्याला गंडवतो ते पकडूच, अशा इराद्याने ते उघडलं आणि उंदरांपाशी येऊन थांबले.

उंदीर आठवतात ना? सिंह रात्री चौथऱ्याकडे निघालाय आणि त्याचं पाऊल उचलत नाहीये. तो दोघी बहिणींना म्हणतो, माझ्या आयाळीवर हात ठेवा, म्हणजे तुम्ही सोबत आहात हे मला कळेल. पुढे त्याला बांधतात, तीच आयाळ भादरतात, तोंडाला मुसकं घालतात, मांजर म्हणून हिणवतात आणि मारतात. चेटकिणीची फौज निघून गेल्यावर मुली कुडकुडत त्याच्यापाशी येतात. मुसकं कसंबसं काढतात, पण दोऱ्यांच्या गाठी त्यांच्या बोटांना काही सुटत नाहीत. मग गवतात काहीतरी हलतं. करड्या रंगाचे चिमुकले जीव त्या मेलेल्या अंगावर चढायला लागतात. सुझनला किळस येते, ती त्यांना हाकलायला जाते. लूसी वाकून बघते तर ते दोऱ्या कुरतडत असतात. तो मेलाय हे त्या बिचाऱ्यांना कळलेलंच नसतं. सोडवलं तर काही उपयोग होईल, एवढंच त्यांच्या डोक्यात.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, पहाटे स्त्रिया त्याच्या कबरीपाशी येतात. लुईसने ते घेतलंय आणि अगदी उघड घेतलंय. पण शुभवर्तमानात उंदीर नाहीत. उंदीर त्याचे स्वतःचे. तुमचा आवाज ज्याच्यामुळे बसला ते आयाळीवर हात ठेवायला सांगणं, त्या न सुटणाऱ्या गाठी, हे कुठल्याही धर्मग्रंथातून उचललेलं नाही. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या रात्री हातांना काहीतरी करावंसं वाटतं आणि करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. ज्याने ते कधी अनुभवलंय, त्याने ते लिहिलंय.

त्याने अनुभवलं होतं. क्लाइव्ह स्टेपल्स लुईसचा जन्म १८९८ चा, बेलफास्टमधला. १९०८ च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने त्याची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तुमच्या लेकीएवढाच. आई बरी व्हावी म्हणून त्याने प्रार्थना केल्या होत्या. त्यांचा उपयोग झाला नाही. पुढे कोवळ्या वयातच तो कट्टर नास्तिक झाला, पहिल्या महायुद्धात गेला, १९१८ मध्ये फ्रान्समध्ये जखमी झाला, ऑक्सफर्डला शिकवायला लागला आणि पुन्हा ख्रिस्ती झाला तो १९३१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

आता नार्निया या कल्पित जगाच्या या मालिकेतलं १९५५ चं पुस्तक घ्या, ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’. त्यातल्या डिगरी नावाच्या मुलाची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तो सिंहाकडे औषध मागतो. बोलताना इतका वेळ त्याची नजर सिंहाच्या पंजांवर असते. शेवटी धीर करून तो वर बघतो, तर सिंहाचा चेहरा खाली झुकलेला आणि त्याच्या डोळ्यांत डिगरीपेक्षाही मोठाले अश्रू. जणू आईचं दुःख मुलापेक्षा सिंहालाच जास्त झालंय. पुढे एका फळाने आई बरी होते. छप्पन्न वर्षांचा प्राध्यापक, नवव्या वर्षी आपल्याला जे मिळालं नाही ते कागदावर एका मुलाला देतोय. याला प्रचार म्हणायचं असेल तर म्हणा, माझी जीभ रेटत नाही.

आता तुमच्या दिरांविषयी. ते खोटं बोलले नाहीत, फक्त अर्धं बोलले. लुईसने स्वतः सांगून ठेवलंय की गोष्टीची सुरुवात चित्रांपासून झाली. सोळाव्या वर्षापासून त्याच्या मनात एक चित्र होतं: बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी सांभाळत निघालेला फॉन, कमरेपर्यंत माणूस आणि खाली बकऱ्याचे पाय. चाळिशीच्या आसपास त्याला वाटलं, याची गोष्ट करून बघू. त्यात सुरुवातीला ख्रिस्ती असं काहीच नव्हतं. मग सिंह आला. त्या दिवसांत त्याला सिंहांची स्वप्नंही पडत होती. सिंह आला आणि बाकीचं आपल्यामागे ओढत घेऊन आला.

आणि ‘सगळं बायबलच’ हे तर त्याने साफ नाकारलं होतं. १९५८ च्या एका पत्रात तो म्हणतो, हे रूपक नव्हे. रूपकात प्रत्येक वस्तूला किल्ली असते, ही म्हणजे निराशा, तो म्हणजे लोभ. त्याचा खेळ वेगळा होता. समजा, बोलक्या प्राण्यांचं एखादं जग खरोखर असतं आणि ख्रिस्ताने तिथे देह घेतला असता, तर तो कसा दिसला असता, तिथे काय घडलं असतं? मुलं खेळताना ‘समजा हां, मी राजा’ म्हणतात, त्याच जातीचं हे ‘समजा’. एकदा ‘समजा’ म्हटलं की पुढे खेळातल्या राजाला स्वतःच्या बुद्धीने वागावं लागतं, खऱ्या राजाची नक्कल करून भागत नाही.

तरी तुमची तक्रार मी पूर्ण उडवून लावणार नाही. लुईसला काहीतरी आडून न्यायचं होतं, हे खरंच आहे. लहानपणी देवाविषयी अमुकच वाटलं पाहिजे असं सतत सांगितल्यामुळे आपल्याला काहीच वाटेनासं झालं, असं त्याने लिहिलंय. कर्तव्य म्हटलं की भावना गोठतात. म्हणून चर्चची रंगीत काच आणि रविवारची शाळा बाजूला काढून तीच गोष्ट अनोळखी जगात मांडली, तर त्या वाटेवर राखण करत बसलेल्या ड्रॅगनांना चुकवून पुढे जाता येईल, असा त्याचा विचार. पण ते ड्रॅगन कोणाच्या दारात बसले होते ते बघा. चर्चमध्ये जांभया देत वाढलेल्या पोरांच्या. तुमच्या मुलीच्या दारात ते नाहीतच. तिला ना रविवारच्या शाळेचा कंटाळा, ना ओळखीच्या गोष्टीचा शिळेपणा. लुईस ज्या वाचकासाठी झटत होता तो कोरा वाचक त्याला तुमच्या घरात आयता मिळाला आणि तिने घेतली ती फक्त गोष्ट.

प्रचारकी पुस्तक कसं ओळखायचं, याची माझी एक साधी कसोटी आहे. तुम्ही वाचलेल्या पुस्तकातलाच एडमंड घ्या, सुझन-लूसीचा भाऊ. तो भावंडांना विकतो कशासाठी, तर टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईसाठी. (पुस्तक आलं १९५० मध्ये. ब्रिटनमध्ये मिठाईवरचं रेशनिंग उठलं १९५३ च्या फेब्रुवारीत. त्या दोन-अडीच वर्षांत वाचणाऱ्या मुलांना एडमंडचा राग आला असेल की हेवा वाटला असेल, मला नेहमी प्रश्न पडतो.) पुढे त्याला सोडवून आणतात. सकाळी बाकीची भावंडं बघतात तर सिंह आणि एडमंड दवातून दोघंच फिरतायत, बोलतायत. काय बोलले? लुईस सांगत नाही. ते कुणाला सांगायची गरज नाही आणि एडमंड ते कधी विसरला नाही, एवढ्यावर तो पुढे जातो. पाप, पश्चात्ताप, क्षमा, सगळं ज्या एका संभाषणात असणार, तेच त्याने आपल्याला ऐकू दिलं नाही. उपदेश करणाऱ्याने नेमकं तेवढंच छापलं असतं, तेही ठळक टायपात. चार्ल्स किंग्जलीचं १८६३ चं ‘द वॉटर बेबीज’ वाचून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. कल्पना सुंदर, पण दर थोड्या पानांनी लेखक बोट वर करून उभा राहतो.

रडण्याचा मुद्दा अजून पुरता सुटलेला नाही. त्यासाठी लुईसचा मित्र लागतो, जे. आर. आर. टॉल्किन. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजातल्या अ‍ॅडिसन्स वॉकवर हा टॉल्किन, दोघांचा मित्र ह्यूगो डायसन आणि लुईस उशिरापर्यंत फिरत बोलत होते. त्याच रात्रीने लुईसला ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावर आणलं. टॉल्किन पक्का कॅथलिक. पण गंमत अशी की नार्निया त्याला बिलकुल आवडलं नाही. रोमन पुराणातले फॉन काय, फादर ख्रिसमस (म्हणजे सांताक्लॉज) काय, सगळी भेसळ! त्याची स्वतःची रीत उलटी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्याच्या कादंबरीत चर्च नाही, पाद्री नाही. फक्त जिच्याभोवती सगळी गोष्ट फिरते ती दुष्ट अंगठी नष्ट होते, ती तारीख २५ मार्च. मेरीला देवदूताने दिलेल्या वार्तेचा तो सण, आणि जुन्या परंपरेत ख्रिस्ताच्या मरणाचाही दिवस तोच. किती वाचकांच्या ते लक्षात येतं?

या टॉल्किनने १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं आणि त्याच विषयावरच्या लेखनात एक शब्द घडवला, युकॅटास्ट्रॉफी. सगळं हातचं गेलंय आणि अचानक गोष्ट उजेडाकडे वळते, ते वळण. तेव्हा वाचणाऱ्याचा श्वास अडकतो, छाती भरून येते, डोळे पाणावतात, मग तो मूल असो की मोठा. पण एक अट: हार खरी हवी. सिंह उठणार हे आधीच ठाऊक असेल तर दोऱ्या कुरतडणाऱ्या उंदरांचं काही वाटणार नाही. टॉल्किनच्या मते ख्रिस्ताची कथा हे असंच सर्वांत मोठं वळण, आणि ते खरोखर घडलेलं. तुम्ही ते मानत नाही, मानायचं कारणही नाही. पण गेलेलं परत यावं ही ओढ मानण्या-न मानण्याच्या आधीची आहे. तुम्ही पत्रात मारण्याच्या प्रकरणाबद्दलच लिहिलंय. मी पैज लावते, पहाटे चौथरा दुभंगल्याचा आवाज येतो आणि मुली मागे वळतात, तिथेही तुमचं काही बरं नव्हतं.

तर मग वाचा. बिनधास्त वाचा. पुस्तकं वाचून कोणी पटकन धर्म बदलत असेल या भीतीवर उतारा स्वतः लुईसच आहे. १९१६ मध्ये लेदरहेडच्या स्टेशनवर त्याने जॉर्ज मॅकडोनाल्डचं ‘फँटॅस्टीज’ विकत घेतलं. मॅकडोनाल्ड हा स्कॉटिश धर्मोपदेशक, पुढे परीकथा लिहिणारा. ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ त्याचंच. नास्तिक लुईस त्या पुस्तकाच्या प्रेमातच पडला. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीला बाप्तिस्मा दिला, असं तो नंतर म्हणाला. पण त्यानंतरही तो चांगली बारातेरा वर्षं नास्तिकच राहिला.

उलट बाजूही ऐका. मॅडलिन लेंगलच्या ‘अ रिंकल इन टाइम’ला १९६३ चं न्यूबेरी पदक मिळालं, बालसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं मानाचं पदक. लेखिका श्रद्धाळू ख्रिस्ती. तरी ते शाळांतून, वाचनालयांतून काढा अशी मागणी झाली ती ख्रिस्ती पालकांकडूनच, कारण अंधाराशी लढणाऱ्यांच्या यादीत तिने येशूच्या सोबत बुद्ध आणि गांधी बसवले होते. एका घराला ज्यात धर्म जास्त होतो, त्यातच दुसऱ्या घराला तो कमी पडतो.

लेकीला सांगायचं का? आपणहून नको. एकदा सांगितलं की ती गोष्ट वाचणार नाही, कोडं सोडवत बसेल: हा कोण, ते काय. माझं दुसरं वाचन त्याच पायी निम्मं वाया गेलं होतं. लुईसलाही एका मुलीने पत्रातून विचारलं होतं, सिंहाचं आपल्या जगातलं नाव काय? त्याने नाव सांगितलं नाही, खुणा दिल्या. फादर ख्रिसमसच्याच वेळी जो आला, दुसऱ्याच्या अपराधासाठी जो मरणाला सामोरा गेला, जो पुन्हा उठला, असा कोणी तुझ्या ऐकण्यात आहे का? तिसऱ्या पुस्तकाच्या, म्हणजे ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’च्या शेवटी सिंह स्वतःच मुलांना म्हणतो की तुमच्या जगात माझं नाव वेगळं आहे. तिथे तुमची मुलगी विचारणार. विचारलं की सरळ सांगा, आडपडदा नको: हे लिहिणाऱ्याची येशूवर श्रद्धा होती, त्याच्या मनातलं नाव ते. आणि ‘आई, तुझी आहे का?’ असं तिने पुढे विचारलं, तर तेही खरं सांगा.

धर्मापेक्षा मला या मालिकेतल्या दुसऱ्याच एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. पाचव्या पुस्तकात कॅलॉर्मेन नावाचा देश आहे. सावळी माणसं, डोक्याला पगडी, कमरेला वाकडी तलवार, क्रूर राजे, गुलामांचे बाजार. गोरी माणसं उत्तरेची, मोकळी, चांगली. वाचताना इथे जरा थांबा आणि तिला विचारा, तुला हे कसं वाटलं? त्या देशाची अराविस ही मुलगी पुस्तकातली सगळ्यांत धीट पोर आहे, त्यामुळे बोलायला जागा आहे. गंमत म्हणजे सिंहाचं ‘अस्लान’ हे नाव तुर्की आहे, आणि लुईसला ते मिळालं ‘अरेबियन नाइट्स’च्या इंग्रजी भाषांतराच्या टिपांमध्ये. शेवटच्या पुस्तकात सुझनला ‘लिपस्टिक आणि नायलॉनच्या मोज्यां’पायी नार्नियाबाहेर ठेवलंय, त्यावरून फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाने १९९८ मध्ये लुईसला चांगलंच झोडपलं. मला तो राग बराचसा पटतो.

पण त्याच शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा कॅलॉर्मेनचा एक तरुण शिपाई आहे. त्याने जन्मभर दुसऱ्याच देवाची भक्ती केलेली. मरणापलीकडे त्याला समोर सिंह दिसतो आणि तो समजून चुकतो की आता आपलं संपलं. सिंह वाकून त्याच्या कपाळाला जीभ लावतो आणि म्हणतो, तू मनापासून जे चांगलं केलंस ते मी माझ्याच खाती धरलंय. यावरून कर्मठ ख्रिस्ती वाचक आजही लुईसवर नाराज असतात. तुमच्या दिरांना हे प्रकरण जरूर वाचायला द्या.

क्रमाचं सांगते आणि थांबते. हल्लीच्या संचांवर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक दिलेला असतो, तिकडे बघू नका. पुस्तकं ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने वाचा, म्हणजे पुढचं १९५१ चं ‘प्रिन्स कॅस्पियन’. ते थोडं रेंगाळतं, पण त्या दोऱ्या कुरतडणाऱ्या उंदरांचं पुढे काय झालं ते त्यातच कळतं, तेवढ्यासाठी ती तग धरेल. सातवं, ‘द लास्ट बॅटल’, मात्र रात्री झोपताना वाचू नका. त्याच्या शेवटी रेल्वेच्या अपघाताचा उलगडा होतो, आणि त्या अपघातात कोण कोण होतं ते कळल्यावर लगेच दिवा मालवणं जमणार नाही. ती शेवटची दोन प्रकरणं आधी एकट्याने वाचून ठेवा. तिथे पोचेपर्यंत लेक दहाची झालेली असेल, आणि तुमचा आवाज बसला तर पुढचं पान वाचायला ती आहेच.